फायलीतल्या जंगलाची निगा

जंगल राखून हवेतला कार्बन कमी केल्याचे श्रेय आपल्या पदरात पडावे असे आपल्याला वाटत असेल, तर सर्वप्रथम जंगलात जाण्याचा विचार मनातून काढून टाकावा. तेथे जळवा असतात, वाट चुकते, आणि झाडे एका रांगेत उभी नसल्यामुळे मोजणीचा खोळंबा होतो. शिवाय जंगल म्हणजे काय हे जंगलात गेल्यावर कळेलच असे नाही. ते भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येत नेमके कळते. एक हेक्टरहून मोठ्या जमिनीवर झाडांच्या शेंड्यांचे आच्छादन दहा टक्क्यांहून अधिक असले, की जमीन कोणाची आणि झाड कशाचे ही चौकशी न करता ती वनाच्छादनात धरली जाते. आंब्याची बाग यात बसते, नारळाची वाडीही बसते. म्हणूनच 2023च्या अहवालात देशाचे वन आणि वृक्षाच्छादन मिळून 25.17 टक्के भरले. वननीतीतील एकतृतीयांश भूभाग झाडांखाली आणण्याचे लक्ष्य गाठायला आता फार काही करायला नको. व्याख्येने आणखी थोडे मन मोठे केले तरी पुरे.

खरे जंगल तोडण्याची वेळ आलीच, तर ‘तोडणे’ हा शब्द चुकूनही वापरू नये. आपण वनजमीन वळती करत असता, आणि तिच्या बदल्यात पर्यायी वनीकरण होत असते. हा पर्याय कोठे असावा याबाबत संकुचित दृष्टी ठेवू नये. ग्रेट निकोबार बेटावर बंदर, विमानतळ आणि नवे शहर उभारण्यासाठी सुमारे 130 चौरस किलोमीटर वर्षावन वळते करण्याचे ठरले, तेव्हा भरपाईची झाडे हरियाणात लावण्याचे योजले गेले. समुद्राकाठचे सदाहरित जंगल आणि अरवलीची कोरडी जमीन यांत फरक असतो, हे मान्य. परंतु तक्त्यात दोन्हींचा रकाना एकच असतो. बेटावरच्या मेगापोड पक्ष्यांना या बदलाची लेखी सूचना मिळाली नसेल, तर ती पोस्टाची दिरंगाई समजावी. जुन्या वनाच्या खोडांत, मुळांत आणि मातीत शतकानुशतके साठलेला कार्बन वितभर रोपाला गोळा करायला किती दशके लागतील, असे कोणी विचारलेच, तर त्याला पुढच्या बैठकीचे निमंत्रण द्यावे.

आपली महत्त्वाकांक्षा आंतरराष्ट्रीय असेल तर कार्बन क्रेडिटकडे, म्हणजे आपण वाचवलेला कार्बन दुसऱ्याच्या धुराची भरपाई म्हणून विकण्याकडे, वळावे. विकसनशील देशांनी जंगल राखले तर त्यांना मोबदला मिळावा, ही कल्पना पापुआ न्यू गिनी आणि कोस्टा रिका यांनी 2005 साली माँट्रियलच्या हवामान परिषदेत मांडली, आणि पुढे तिला ‘रेड प्लस’ हे नाव मिळाले. कल्पना मुळात न्याय्य होती, हा तिच्यातला दोष मात्र नंतरच्या बाजाराने बऱ्याच प्रमाणात दूर केला. येथे विकायची असते ती न झालेली तोड. म्हणून प्रकल्पाआधी छाती पिटून सांगावे की हे जंगल दहा वर्षांत भुईसपाट होणारच होते. मग ते उभे राहिले की जो फरक दिसतो, तो टनांत मोजून विकावा. पाटलांच्या वाड्याला आग लावायचा माझा इरादा होता, तो मी मोठ्या मनाने रद्द केला, तेव्हा वाड्याची किंमत माझ्या नावे जमा करा, असे गावात कोणी म्हटले तर लोक त्याला वेशीबाहेर काढतील. हाच युक्तिवाद आलेखासह मांडला तर विमान कंपन्या पैसे मोजतात. भाकीत जितके भयाण, तितकी क्रेडिटे जास्त. झिंबाब्वेतील करिबा प्रकल्पावर 2023 साली नेमका असाच आक्षेप आला, आणि क्रेडिटे विकणाऱ्या स्विस कंपनीने अंग काढून घेतले. यावरून घ्यायचा धडा एवढाच, की भाकीत करताना शेजारच्या जंगलाची तोड कोणी ताडून पाहणार नाही, असे ठिकाण निवडावे. आपण राखलेल्या डोंगरावरची कुऱ्हाड पलीकडच्या डोंगरावर गेली, तर तिकडे पाहू नये. त्या डोंगराची फाईल वेगळी असते.

एवढी मजल झेपत नसेल तर वृक्षारोपण आहेच. महाराष्ट्राने 2016 साली 2 कोटी, मग 4, मग 13 आणि 2019 साली 33 कोटी अशी लक्ष्ये ठेवून दाखवली आहेत, तेव्हा आपणही आकडा आधी ठरवावा आणि जमीन नंतर शोधावी. माळरान सापडले तर उत्तमच, कारण तेथे ‘काहीच नाही’ असे सर्वांचे एकमत असते. गवत आपला कार्बन मुळांत आणि मातीत लपवून ठेवते, त्यामुळे तो छायाचित्रात येत नाही, आणि माळढोकाला मत नसते. रोप गिरीपुष्पाचे घ्यावे. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि दुसरे कोणी लावणार नसतेच.

एका धोक्यापासून मात्र सावध राहावे. वणवा, चराई आणि कुऱ्हाड काही वर्षे दूर ठेवली, तर साग, ऐन आणि पळसाच्या खुंटांना आपोआप धुमारे फुटतात आणि फारसा खर्च न होता मिश्र जंगल परत येते. यात निविदा निघत नाही, खड्ड्यांचे देयक होत नाही, कोनशिलाही बसत नाही. गडचिरोलीतील मेंढा-लेखा या गावाने तर हद्दच केली. वनहक्क कायद्याखाली 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवून हे लोक ते राखतात आणि त्यातला बांबू स्वतः विकतात. आपण तेथे योजना घेऊन जाऊ नये, हेच बरे. त्या ग्रामसभेत सर्वांचे एकमत होईपर्यंत निर्णय होत नाही, आणि आपला निधी तर 31 मार्चला परत जातो.