आवाज वाढव!

ठाण्याला माझी सगळी शाळा 'हाताची घडी, तोंडावर बोट' या आसनात गेली. जो गप्प तो शहाणा, हे इतकं अंगात मुरलं होतं की जेरुसलेमच्या येशिवात दाखल झालो तेव्हाही मी अभ्यासाला बसलो की ओठ आपोआप मिटायचे. पहिल्याच आठवड्यात रब्बी, म्हणजे आमचे धर्मगुरू, जवळ आले, कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाले, "बरं नाही का? तुझा आवाज येत नाही."

येशिवा म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचं निवासी कॉलेज. राहणं, जेवणं, प्रार्थना, सगळं एकाच आवारात. आणि मधोमध बेत मिद्राश, म्हणजे अभ्यासाचं दालन. अभ्यास म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे 'शांतता राखा'ची पाटी आली असेल, ती आधी काढून टाका. इथे पोरं जोडीनं शिकतात. त्या जोडीला खव्रुता म्हणतात. एकानं तालमूदमधली, म्हणजे ज्यू धर्मकायद्याच्या जुन्या ग्रंथातली, ओळ मोठ्यानं वाचायची, अर्थ सांगायचा, आणि दुसऱ्यानं तो कसा चूक आहे हे त्याहून मोठ्यानं सिद्ध करायचं. अशा शंभरेक जोड्या, प्रत्येकीचा विषय वेगळा. एकदा आईचा फोन तिथेच घेतला. मागचा गलका ऐकून ती घाबरली.

"मारामारी चाललीय का रे?"

"नाही गं आई, अभ्यास चाललाय. एकाच्या बैलानं दुसऱ्याची गाय भोसकली तर भरपाई किती द्यायची, ते ठरवतायत."

"अगंबाई! कोणाचा बैल?"

आईला इथे सहज प्रवेश मिळाला असता, असं मला तेव्हापासून वाटतं.

माझा जोडीदार न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा. मी म्हणालो, "बरोबर आहे तुझं," की त्याचा चेहरा पडायचा. सहमती म्हणजे त्याला अपमान वाटे. मला तर घरी शिकवलेलं, पाहुण्याशी वाद घालू नये. इथे मी पाहुणा की तो, हेच ठरेना.

त्यात तालमूदचं पान. मधे मूळ मजकूर, आतल्या बाजूला अकराव्या शतकातल्या राशी नावाच्या पंडितांचं भाष्य, बाहेरच्या बाजूला त्या भाष्याशी भांडणारे त्यांचेच नातू-पणतू. म्हणजे कागदावरसुद्धा कोणी गप्प नाही. शिवाय प्रत्येक खंड सुरू होतो दुसऱ्या पानापासून. पहिलं पान नाहीच! पुस्तक उघडायच्या आधीच विद्यार्थी एक पान मागे. अशी एकूण २,७११ पानं. रोज एक पान वाचण्याची प्रथा १९२३ साली सुरू झाली, त्या हिशेबानं सगळं संपायला साडेसात वर्षं लागतात. आमची जोडी मात्र एकेका पानावर पंधरवडा मुक्काम ठोकायची, कारण ब्रुकलिनला कुठलंच वाक्य मान्य नसायचं.

बाकीच्या सोयींबद्दल फारशी तक्रार नाही. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवशी, विजेच्या बटणाला हात लावायचा नाही, स्वयंपाक करायचा नाही, म्हणून दिवे घड्याळावर लावलेले. ते वाचणाऱ्याचं वाक्य पुरं होण्याची वाट बघत नाहीत. आणि शनिवारचा चहा, 'शिजवलं' असं होऊ नये म्हणून, या कपातून त्या कपात फिरत येतो तोवर त्याचं सरबत झालेलं असतं. कोकणातले आमचे पूर्वज, म्हणजे शनिवार पाळणारे 'शनवार तेली', शुक्रवारी संध्याकाळी घाणा थांबवून मोकळे व्हायचे. त्यांना बहुधा चहाचं व्यसन नसावं.

खरी परीक्षा झाली ती मटणावरून.

अश्दोदहून आत्यानं डबा पाठवला. नारळाच्या दुधातलं मटणाचं कालवण. मांसाबरोबर गाईम्हशीचं दूध चालत नाही, म्हणून आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, पिढ्यान् पिढ्या नारळावर भागवत आलो. वसतिगृहात मांसाचा मायक्रोवेव्ह लाल पट्टीचा, दुधाचा निळ्या पट्टीचा. मी डबा लाल पट्टीच्यात ठेवणार तोच कोणीतरी डोकावलं.

"थांब! हे पांढरं काय?"

"नारळाचं दूध."

"नारळाला दूध असतं?"

झालं. पाच मिनिटांत स्वयंपाकघराचा बेत मिद्राश झाला. एकानं सोळाव्या शतकातल्या, पोलंडमधल्या क्राकोच्या रब्बी मोझेस इसर्लेस यांचा दाखला काढला. मांसाबरोबर बदामाचं दूध घेत असाल तर शेजारी बदाम ठेवा, म्हणजे बघणाऱ्याचा गैरसमज होणार नाही. क्राकोला नारळ कुठला माहीत असायला! पण तत्त्व तेच. तेव्हा तुझा नारळ कुठे आहे, तो दाखव. रात्री नऊ वाजता जेरुसलेममध्ये नारळ? केकच्या सामानातून कोणीतरी खोबऱ्याच्या किसाचं पाकीट आणून डब्याशेजारी ठेवलं. मग कीस म्हणजे नारळ का, यावर दोन पक्ष पडले. बेने इस्रायलांची लग्नं मान्य करायची की नाही, हाच वाद या देशात १९६४ पर्यंत गाजला होता. त्या मानानं गाडी कालवणापर्यंत आली, ही प्रगतीच. पण मला भूक लागली होती.

"अरे मेल्यांनो, नारळच आहे तो!" मी मराठीत ओरडलो. मग तेच हिब्रूत, मग टेबलावर हात आपटून पुन्हा. आमच्या आज्या-पणज्यांनी कधी कालवणाशेजारी नारळ मांडून ठेवला नव्हता. कारण कोकणात नारळाचं दूध बघून कोणाला गाय आठवत नाही! गैरसमजच नाही, तर पुरावा कशाला?

दारात रब्बी उभे होते. "वा!" ते म्हणाले. "घसा सुधारला. ब्रुकलिन, उत्तर दे."

ब्रुकलिननं उत्तर दिलं, मी ते खोडलं, त्यानं ते पुन्हा उभं केलं. शेवटी निकाल लागला की मुद्दा माझा बरोबर, पण पाकीट राहू दे शेजारी. कालवण दुसऱ्यांदा गरम केलं. रात्रीच्या जेवणात बहुतेकांनी मऊ चीज खाल्लं होतं. त्यांनी चुळा भरल्या, पावाचा तुकडा मोडला आणि डब्यावर तुटून पडले. ब्रुकलिननं मात्र घरून आलेलं जुनं, कडक चीज चापलं होतं. सहा महिने मुरलेल्या चीजनंतर मांसाला सहा तास थांबायचं, हा त्याच्याच घराण्याचा रिवाज.

डबा पुसून लख्ख झाला तरी तो वेष्टण हातात धरून ओरडत होता की हे चीज साडेपाच महिन्यांचंच आहे.