मैदानात खेळल्याने चष्मा सुटतो का?

‘मुलांना रोज दोन तास उन्हात खेळवा, चष्म्याचा नंबर उतरेल’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच तो पटतो.

लांबचं धूसर दिसणाऱ्या मुलाचं बुबुळ नव्हे, अख्खा नेत्रगोल पुढून मागे किंचित लांबलेला असतो. लांबलेला डोळा खेळून आखूड होत नाही. तेव्हा लागलेला चष्मा काढून ठेवू नका. खेळतानाही तो असू द्या.

मात्र चष्मा लागण्याआधी बाहेरच्या खेळाचा उपयोग नक्की होतो. चीनमधल्या ग्वांगझूच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा बाहेर नेलं. 2015 साली निष्कर्ष आले: तीन वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे 30 टक्के मुलांना लघुदृष्टी (लांबचं धूसर दिसणं) आली, इतर मुलांत हे प्रमाण 39 टक्क्यांवर होतं. भरपूर उजेडात दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यात, डोपामीन हे रसायन स्रवतं आणि डोळ्याची लांबी वाढण्याला आळा बसतो, असं मानलं जातं.

आणि हो, कडक ऊन लागतच नाही. झाडाच्या सावलीतही खोलीतल्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो. सूर्याकडे बघायला लावणं तर सरळसरळ धोक्याचं.