म्हणे, 'पायलट नुसता बसून असतो'!

परवा आत्यानं घरच्या ग्रुपवर एक मेसेज ढकलला आणि खाली माझ्या धाकट्या बहिणीला विचारलं, "मग तू नक्की करतेस काय गं तिथे?" बहीण एअरबस ए३२० वर को-पायलट आहे. तिनं हसरा इमोजी टाकून विषय सोडून दिला. मला सोडवेना.

मेसेज कुणा 'निवृत्त कॅप्टन'च्या नावानं फिरतोय. कॅप्टनला नाव नाही, ते नसतंच. सांगणं थोडक्यात असं: धुक्यात हल्ली विमान कॉम्प्युटर उतरवतो, पायलट नुसता बसून असतो. त्यामुळे 'व्हिजिबिलिटी कमी आहे' ही कंपन्यांची थाप, इंधन वाचवायची. खिडकीतून जमीन दिसत असूनही उतरत नसतील तर ते खोटं बोलतायत. आणि टेकता टेकता विमान पुन्हा वर गेलं तर पायलट कच्चा, अशा वेळी प्रवाशांनी उठून केबिन क्रूला जाब विचारावा.

कॉम्प्युटरचं अर्धं खरं आहे, मान्य. ऑटोलँड, म्हणजे विमान आपोआप उतरवणारी यंत्रणा, असतं. १९६५ साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ट्रायडेंट विमान प्रवाशांसकट असं टेकलं होतं, म्हणजे गोष्ट नवी नाही. अगदी दाट धुक्यात तर सहसा हातानं उतरवायला परवानगीच नसते. पण यंत्राला धुक्यातलं काही दिसत नसतं. धावपट्टीजवळच्या अँटेना रेडिओ लहरींची एक वाट आखून देतात, विमान त्या वाटेनं खाली येतं. मधे एखादं मोठं धूड आलं की वाट वाकडी होते. म्हणून व्हिजिबिलिटी पडली की जमिनीवरची विमानं धावपट्टीपासून लांब थोपवतात, उतरणाऱ्या दोन विमानांतलं अंतर वाढवतात. तासाला उतरणारी विमानं घटतात आणि तुमची फ्लाइट लटकते. थाप ती हीच.

हा बंदोबस्त नसला तर काय होतं? ३ नोव्हेंबर २०११, म्युनिक. सिंगापूर एअरलाइन्सचं बोइंग ७७७ ऑटोलँड करत होतं. हवा तितकी वाईट नव्हती, त्यामुळे दाट धुक्यातले कडक नियम लागू नव्हते. त्याच धावपट्टीवरून पुढे एक छोटं जेट उडालं आणि त्यानं सिग्नल हलवला. ७७७ टेकायच्या बेताला डावीकडे झुकलं, टेकल्यावर धावपट्टी सोडून गवतात शिरलं, तिथून वळून धावपट्टी ओलांडून उजवीकडच्या गवतात जाऊन थांबलं. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. जर्मन तपास यंत्रणेचा अहवाल कुणालाही वाचता येतो. यंत्र बिघडलं नव्हतं. दाखवलेल्या वाटेनं ते इमानानं गेलं, वाटच चुकीची होती.

बहिणीला खोदून विचारलं तेव्हा तिनं सांगितलं: ऑटोलँड करताना ३५० फुटांपर्यंत समोरच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'लँड' उमटलेलं दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर उतरायचं नाही, वर जायचं. "बसलेलीच असते मी," ती म्हणाली, "त्या शब्दाकडे बघत." आणि वारा? ए३२० च्या ऑटोलँडला आडव्या वाऱ्याची मर्यादा २० नॉट, म्हणजे ताशी साधारण ३७ किलोमीटर. वारा त्याहून जोराचा असला की लँडिंग हातानंच. म्हणजे कठीण हवेत यंत्राच्या आधी माणूस थकतो हा समजही उलटाच.

खिडकीचा मुद्दा बघा, कारण तो डोळ्यांना पटतो. धुक्याचा थर समजा ३० मीटर जाडीचा आहे. वरून सरळ खाली बघताना नजरेला ३० मीटर धुकंच भेदायचं असतं, म्हणून झाडं, रस्ते, सगळं दिसतं. पायलट उतरतो ३ अंशांच्या उतारानं. त्या तिरक्या रेषेत तोच थर जवळजवळ ५७० मीटरचा होतो. तुम्ही खाली बघताय, ते पुढे बघतायत. खोटं कुणीच बोलत नाही.

आता तो 'कच्चा पायलट'. आयएलएस म्हणजे तीच रेडिओ लहरींची वाट. तिच्या साध्या, कॅट वन प्रकारात निर्णयाची उंची, म्हणजे उतरायचं की वर जायचं हे जिथे ठरतं ती, किमान २०० फूट आणि धावपट्टीवरची दृश्यता किमान ५५० मीटर लागते. विमान सेकंदाला साधारण ७० मीटर पुढे सरकत असतं. २०० फुटांवरून जमीन गाठायला १५-१७ सेकंद. कॉकपिटमध्ये 'मिनिमम' असा आवाज येतो आणि त्या क्षणी दिवे किंवा धावपट्टी दिसली नसेल तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. आणखी दोन सेकंद बघू, असं तिथे नसतं. ही काही फसलेली लँडिंग नव्हे, उतरायला निघतानाच ठरलेली दुसरी वाट आहे ती. उलट काळजीची गोष्ट वेगळीच आहे. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात आढळलं की वेग, उंची वगैरे हाताबाहेर गेलेल्या अप्रोचपैकी (अप्रोच म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणं) जेमतेम ३ टक्के वेळा पायलट वर जातात. बाकीचे रेटतात. जे वर जायला हवेत तेच जात नाहीत, आणि हा मेसेज म्हणतो, वर गेला तर जाब विचारा. तेही उठून, विमान चढत असताना! असल्या सल्ल्याला मूर्खपणा म्हणून सोडून देता येत नाही, यात उद्या कुणाचं तरी डोकं फुटेल.

इंधन वाचवण्याचं काय बोलायचं? दुसऱ्या विमानतळावर जाऊन परत यायला इंधन जास्त जळतं, कमी नाही.

एक मात्र कुरकुरत कबूल करतो. शेजारच्या कंपनीचं विमान त्याच धुक्यात उतरतं आणि आपलं वळवतात, असं होतं. नुसतं विमान सज्ज असून भागत नाही. दोन्ही पायलटांनाही त्याचं प्रशिक्षण लागतं, आणि ते वेळोवेळी ताजं ठेवावं लागतं. यावर खर्च न करणाऱ्या कंपन्या असतात. आत्या, तो प्रश्न जरूर विचार. पण काउंटरवर, पट्टा सोडल्यानंतर.