पन्नास ओळींचा सिग्नल बिलिंगमध्ये चालत नाही

‘रिॲक्टिव्ह स्टेटची लायब्ररी म्हणजे जेमतेम ५० ओळी, बाकी सगळा फुगवटा’ असे सांगणारा मजकूर सध्या वेब प्रोग्रॅमरांमध्ये जोरात फिरतो आहे. रिॲक्टिव्ह स्टेट म्हणजे एक मूल्य बदलले की त्यावर अवलंबून असलेले सगळे आपोआप बदलणे; अशा मूल्याला सिग्नल म्हणतात. माझ्या भाच्याने तो वाचून आपल्या पहिल्याच नोकरीत, बिलिंगच्या स्क्रीनसाठी, तसाच कोड लिहायला घेतला आहे, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासणे मला भाग पडले.

त्या ५० ओळींची युक्ती अशी: चालू असलेले फंक्शन एका ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवायचे, मूल्य वाचले गेले की त्या फंक्शनची नोंद त्या मूल्याच्या सेटमध्ये, म्हणजे यादीत, करायची आणि मूल्य बदलले की सेटमधली सगळी फंक्शने तिथल्या तिथे चालवायची. मूळ कल्पना एवढीच आहे, हे मान्य करावे लागेल. २०१० साली आलेल्या नॉकआउट या जावास्क्रिप्ट लायब्ररीमध्येही अवलंबित्वाची नोंद अशीच आपोआप होत असे.

पण ‘एवढ्यात उत्तर नेहमी बरोबर येते’ हा दावा सरळ चुकीचा आहे, आणि सर्वांत घातकही तोच. बिलात दर १०० रुपये आणि वाहतूक नगामागे २० रुपये धरा. रक्कम आणि वाहतूक दोन्ही नगांवर अवलंबून, आणि देय म्हणजे त्यांची बेरीज. नग एकाचे दोन केले की आधी रक्कम २०० होते, ती लगेच देय मोजायला लावते, आणि वाहतूक अजून जुनीच असल्यामुळे देय २२० येते. मग वाहतूक ४० होते आणि देय पुन्हा मोजून २४० होते. २२० हा आकडा कोणत्याही क्षणी खरा नव्हता, तरीही देय बदलताच सर्व्हरला कळवणारा इफेक्ट (मूल्य बदलले की आपोआप चालणारे फंक्शन) असेल तर तो आकडा सर्व्हरपर्यंत पोहोचलेला असतो. यावरचा उपाय माहीत असलेला आहे: बदल झाला की खालच्या नोडना, म्हणजे त्यावर अवलंबून असलेल्या मूल्यांना, फक्त ‘शिळे’ अशी खूण करायची आणि मूल्य मागितले जाईल तेव्हाच, तेही एकदाच, मोजायचे. जावास्क्रिप्ट भाषेचे मानक ठरवणाऱ्या टीसी३९ समितीपुढच्या सिग्नल प्रस्तावात नोडच्या अशा अवस्था नेमक्या मांडल्या आहेत. तो दस्तऐवज न वाचता कोणी लायब्ररी लिहू नये.

‘मेमरी गार्बेज कलेक्टर सांभाळतो’ हेही खोटे आहे. ज्याच्यापर्यंत कोणताही संदर्भ पोहोचत नाही तेच तो मोकळे करतो, आणि ग्लोबल सिग्नलच्या सेटमध्ये इफेक्ट धरून ठेवलेला असेल तर स्क्रीन बंद झाल्यावरही तो जिवंत राहतो आणि प्रत्येक बदलाला चालत राहतो.

कमी ओळी म्हणजे जास्त वेग, हे समीकरण तर प्रिॲक्ट सिग्नल्स या लायब्ररीनेच मोडले आहे: २०२२ मध्ये त्यांनी सेट काढून दुहेरी लिंक्ड लिस्ट (मागच्या-पुढच्या नोंदींशी जोडलेली यादी) आणि मूल्य बदलले का ते सांगणारे आवृत्ती क्रमांक आणले, ते वेग आणि मेमरीसाठीच.

‘सिग्नल लवकरच ब्राउझरमध्येच येईल आणि कैक पटींनी धावेल’ या भाकितावर फार शब्द खर्चायला नकोत. टीसी३९पुढचा तो प्रस्ताव एप्रिल २०२४ मध्ये पहिल्या, म्हणजे सुरुवातीच्याच, टप्प्यावर पोहोचला, आणि ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट इंजिनांकडून चमत्काराची अपेक्षा नाही, फायदा झालाच तर किरकोळ असेल, असे त्यातच लिहिले आहे.

भाच्याला मी दोन चाचण्या लिहायला सांगितल्या आहेत: नग बदलल्यावर देय एकदाच मोजले जाते का, आणि स्क्रीन बंद केल्यावर सिग्नलच्या सेटमध्ये काही उरते का. या दोन्ही पार पडेपर्यंत बिलिंगमध्ये तयार, वापरात मुरलेली लायब्ररीच राहील.