तपास पक्का कसा करावा : तस्करी पकडणाऱ्या खात्यातल्या नव्या साहेबांसाठी

साहेब, अभिनंदन. नवे रुजू झालात, तेव्हा आमच्यासारख्या अपिलं लढवणाऱ्याकडून चार युक्तीच्या गोष्टी ऐकून घ्या.

पंच नेहमीचेच घ्या. सही कुठे करायची ते दाखवावं लागत नाही.

जबाब आधीच टाइप करून ठेवा. सर्वोच्च न्यायालयाच्या तोफान सिंग निकालानं 2020 मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यातला, तुमच्यासारख्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब बाद केला, म्हणून हिरमुसू नका. सोन्याच्या तस्करीच्या केसला, अधिकाऱ्यासमोरचा जबाब पुरावा म्हणून चालवणारं कस्टम्स कायद्याचं कलम 108 अजून शाबूत आहे.

आता खरा मंत्र : ‘गोपनीय’चा शिक्का. पकडलेल्या मालाच्या किमतीच्या 20 टक्क्यांपर्यंत बक्षीस घेणाऱ्या खबऱ्याचं नाव सांगायची सक्ती कायदा तुमच्यावर करत नाही. योग्यच आहे, एखाद्याचा जीव जायचा. पण शिक्का नावापाशीच का थांबावा? गेल्या मंगळवारी एका कचेरीत माझ्या अशिलाच्या केसचे कागद पाहायला गेलो. तीन तास बाकावर. मग फाइल आली. पान 14, त्यानंतर थेट 23. मधली आठ? “गहाळ नाहीत वकीलसाहेब, गोपनीय आहेत.” नाव झाकून द्या म्हटलं. तर म्हणे खबरीची नोंदच त्यात आहे. अहो, तीच तर हवीय! अमली पदार्थ कायद्याच्या कलम 42 प्रमाणे ती 72 तासांत वरिष्ठांकडे गेली की नाही, हे आम्ही ओळखायचं कशावरून, शिक्क्याच्या रंगावरून? न वापरलेल्या कागदांची निदान यादी तरी आरोपीला द्या, असं सर्वोच्च न्यायालय 2021 पासून सांगतंय. यादी मागितली, तर यादीही गोपनीय!

लंडनचं मनावर घेऊ नका. तिथे लंडन सिटी बाँड हे दारूचं गोदाम चालवणाराच कस्टम्सचा खबरी निघाला. ते कोर्टापासून लपवलं होतं, म्हणून 2002 मध्ये अपिलात आरोपींच्या शिक्षा रद्द झाल्या. आपल्याकडे एवढं कोण खणत बसतंय?

मी बसतोय. माझा अशील भाड्याचा टेम्पो चालवायचा. त्यात सापडलेलं अमली पदार्थांचं पार्सल कुणी बुक केलं ते त्याला ठाऊक नाही. बुक करणाराच तुमचा खबरी असेल, तर ते त्या आठ पानांतच असणार ना? सहा वर्षं आत आहे तो. मुलगी पहिलीत होती, आता सातवीत गेली. खबऱ्याच्या जिवाची ढाल करून स्वतःचा गलथानपणा झाकता, लाज वाटत नाही? नावावर काळी शाई फासा, हव्या तर चार ओळी जास्त फासा. पण पानं हायकोर्टापुढे ठेवा. पंधरा ते बावीस, आठच्या आठ.