तोंड लाल, वसुली जोरात

चाळिशीतल्या माणसाचे गाल लाल झाले, की तो 'बसायला' लागला, असा परभणीत सर्वसाधारण समज आहे. मला नाक-गाल लाल करणारा त्वचेचा आजार आहे, रोझेशिया. पण हा शब्द उच्चारेपर्यंत समोरचा "कवापासून घ्यायलास?" विचारून मोकळा झालेला असतो.

मी पतसंस्थेत वसुलीला, त्यामुळे सुरुवातीला फायदाच झाला. उन्हातून जाऊन कुणाच्या दारात उभा राहिलो, की नाक आणि गाल असे पेटलेले असत की थकबाकीदार "साहेब, तापू नका" म्हणत हप्ता शोधायला आत पळे. मी तर नुसतं प्यायला पाणी मागणार होतो.

पित्त, उष्णता, नजर, सगळी निदानं फुकटात झाली. मेव्हण्याने मेडिकलमधून गोरं करणारी ट्यूब आणली. त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी ती उलटी करून बारीक अक्षरांवर बोट ठेवलं: स्टिरॉइड! आधी चेहरा छान दिसतो, मग हाच आजार आणखी उसळतो. ट्यूब टोपलीत गेली. ही मुरमं नव्हेत, यात ब्लॅकहेड्स नसतात. एकाचा दुसऱ्याला लागत नाही, समूळ जात नाही, पण ताब्यात राहतो, असं त्या म्हणाल्या. डोळे चुरचुरतात का, तेही विचारलं. हा पापण्यांपर्यंत पोचतो म्हणे. मेट्रोनिडाझोलची जेल लिहून दिली.

मग पथ्य. ऊन नको, कडक गरम नको, तिखट नको, दारू नको, चिडचिड नको. दारू वगळली तर ही यादी म्हणजे अख्खा मराठवाडाच की! येसराची आमटी घाम फुटेपर्यंत भुरकायची नाही, तर ती करायची कशाला? टपरीवर मी चहा निववत उभा राहतो. साय धरते, मी ती बोटाने बाजूला करतो, आणि टपरीवाला माझ्याकडे असा बघतो, जणू त्याच्या सात पिढ्यांचा अपमान झाला.

उन्हासाठी ३० च्या वर एसपीएफचं क्रीम. जस्ताचं असल्याने तोंडावर पांढरा थर बसतो. आता थकबाकीदार घाबरत नाहीत. "साहेब, लग्नाला निघालाव का?" विचारतात, आणि हप्ता पुढच्या महिन्यावर ढकलतात.

कशाने भडकतं ते रोज वहीत लिहायला सांगितलंय. परवा मॅडमनी वही चाळली. सोमवार: भर दुपारी वसुली. मंगळवार: ठेचा. बुधवार: मेव्हणा. गुरुवार: मेव्हणा, मुक्कामाला. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "किती दिवस राहणार आहेत?"