अ‍ॅस्पेनचं हॉटेल विचारणाऱ्या सगळ्यांसाठी

परवा आमच्या कुत्र्याचा, खंड्याचा, कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेन या स्कीच्या गावी काढलेला बर्फातला फोटो टाकला आणि इनबॉक्स भरून गेला. "हॉटेल कुठलं?", "कुत्र्याला खरंच आत घेतात?", "किती खर्च आला?" विचारणारे बहुतेक जण आपलेच, डॅलस, बे एरिया, न्यू जर्सीकडचे. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा इथेच लिहिते. थोडं लांबेल, आणि काही जणांना पटणारही नाही, कारण माझं उत्तर हॉटेलच्या नावापासून सुरू होत नाही.

आधी मला सांगा, सकाळी नऊ ते दुपारी साडेतीन तुमचा कुत्रा कुठे असणार आहे?

साधारण याच वेळात माणसांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्ट चालतात. स्कीसाठी आलेला माणूस त्या वेळी डोंगरावर असतो आणि त्या उतारांवर पाळीव कुत्र्यांना बंदी असते. ती योग्यच आहे. स्कीच्या कडा पोलादी असतात, त्यांना धार लावलेली असते. वेगात येणाऱ्या स्कीखाली कुत्र्याचा पाय आला तर पार स्नायूपर्यंत चिरतो. म्हणजे ज्या सहा तासांसाठी आपण एवढे पैसे मोजतो, नेमक्या त्याच सहा तासांत कुत्रा आपल्याबरोबर नसतो. तो खोलीत असतो.

हे मी कुठे वाचलं नव्हतं. खंड्याला त्रास झाला तेव्हा कळलं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही कोलोरॅडोतल्याच दुसऱ्या एका स्कीच्या गावी गेलो होतो. हॉटेल उत्तम होतं. खंड्यासाठी मऊ गादी, पाण्याचं भांडं, नाव लिहिलेली बिस्किटांची पुडी, सगळं होतं. घरी तो आठ-आठ तास एकटा शांत झोपतो, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. टीव्ही लावला, "बाराला येतो रे" म्हटलं आणि निघालो. वर वाऱ्यामुळे लिफ्ट थांबली, आम्ही अडकलो, परतायला दोन वाजले. दाराबाहेर शेजारच्या खोलीतली एक म्हातारी बाई गालिच्यावर बसली होती आणि बंद दारातून त्याच्याशी बोलत होती. तासभर बसली होती म्हणे. दार उघडलं तर आतल्या बाजूला ओरखडेच ओरखडे, त्याची दोन नखं तुटलेली, पंजाला रक्त. भुंकून भुंकून आवाज बसला होता. तो धावत आला नाही. बाथरूमच्या कोपऱ्यात बसून नुसता आमच्याकडे बघत राहिला.

घर म्हणजे त्याला ओळखीचे वास आणि ओळखीचे आवाज. हॉटेलात यातलं काहीच नसतं. त्यात रात्री बर्फ पडला असेल तर सकाळी डोंगरावरून सुरुंगाचे धमाके ऐकू येतात. हिमकडे आपसूक कोसळू नयेत म्हणून गस्तीपथक ते आधीच फोडून पाडतं. आपल्याला दूरचा ढगांचा गडगडाट वाटतो. पण ज्याचं कुत्रं दिवाळीत पलंगाखाली शिरतं, त्याला वेगळं सांगायला नको. त्या दिवशी आम्ही त्याला अनोळखी खोलीत कोंडून गेलो होतो आणि बाहेर धमाके चालू होते.

ज्यांना खंड्या माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तो गावठी आहे. २०१७ साली जेजुरी-सासवड रस्त्याच्या कडेला सापडला, तेव्हा वीतभर होता. पाठीवर कोणीतरी भंडारा उधळलेला. जेजुरीचं कुत्रं, म्हणून खंड्या. दुसऱ्या वर्षी आम्ही त्याला डेन्व्हरला आणलं. (तेव्हाचे नियम आता नाहीत. ऑगस्ट २०२४ पासून भारतातून कुत्रा अमेरिकेत आणायचा तर मायक्रोचिप, सहा महिने पूर्ण वय, रेबीजची लस आणि तिची रक्ततपासणी, शिवाय ठरावीक विमानतळ, असं सगळं जुळवावं लागतं. कोणी आणणार असाल तर तिकिटाआधी हे बघा.)

अंगावर आखूड केसांचा एकच थर. हस्की किंवा बर्नीज या थंड प्रदेशांतल्या जातींना असते तशी आतली लोकर त्याला नाही. उणे दहा अंशांत तो दहा मिनिटांत थरथरायला लागतो. अशा जीवाला बर्फात न्यायचंच कशाला, हा प्रश्न माझ्या मामीने फोनवर विचारला आणि तो बरोबर होता. मी त्यावर बरेच दिवस विचार केला. तिकडे पुण्यात उन्हाळ्यात चाळीस अंशांत हस्की आणि सेंट बर्नार्ड फ्लॅटमध्ये एसी लावून ठेवणारे लोक बघितले की माझा संताप होतो. दिसायला देखणा म्हणून आणला, त्याच्या अंगाला काय सोसतं ते पाहिलंच नाही. मग मी जेजुरीच्या कुत्र्याला कोट घालून अ‍ॅस्पेनच्या हॉटेलात मिरवलं, तर मीही तेच केलं असतं. फरक पडायचा असेल तर सहल त्याच्या मापाची हवी.

म्हणून या जानेवारीत आम्ही घरातच ठरवलं की खंड्या एक मिनिटही एकटा राहणार नाही. नवरा आणि लेक सकाळी स्की करणार, मी त्याच्याबरोबर. दुपारी मी दोन तास वर जाणार, ते दोघं त्याच्याबरोबर. तीन दिवसांत माझं स्कीइंग सहा तासही झालं नाही. ज्यांना हे परवडणारं नाही त्यांनी कुत्र्याला घरी, ओळखीच्या माणसाकडे ठेवून यावं, असं मी मनापासून सांगेन. तो तिथे जास्त सुखी असेल.

डेन्व्हरहून अ‍ॅस्पेन उन्हाळ्यात इंडिपेंडन्स पासवरून जवळ पडतं. हिवाळ्यात तो घाट बंद असतो, त्यामुळे आय-७० महामार्गाने ग्लेनवूड स्प्रिंग्जपर्यंत जाऊन उलटं वर यावं लागतं, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत आयझेनहॉवर बोगदा लागतो, तो समुद्रसपाटीपासून ३४०० मीटरवर आहे. अ‍ॅस्पेन स्वतः २४०० मीटरवर. उंची कुत्र्यांनाही जाणवते, तुम्ही सपाटीवरून विमानाने थेट येणार असाल तर जास्तच. पहिल्या दिवशी खंड्या जेवला नाही, नुसतं पाणी प्यायला आणि झोपला. आम्ही कुठेही गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी स्मगलर माउंटनच्या रस्त्याने गेलो. आता फक्त याच्याबद्दल लिहायला सांगितलं तर मी पानं भरीन. अ‍ॅस्पेन मुळात चांदीच्या खाणींचं गाव. १८९३ मध्ये सरकारने चांदी विकत घेणं थांबवलं, भाव कोसळला आणि गाव जवळजवळ रिकामं झालं. १९३० च्या जनगणनेत जेमतेम सातशे माणसं उरली होती. स्की आणि श्रीमंती आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. तर या स्मगलरच्या डोंगरात १८९४ मध्ये आठशे किलोंहून जास्त वजनाचा चांदीचा गोळा सापडला होता. आज त्याच डोंगराच्या कच्च्या रस्त्याने गावातली माणसं रोज सकाळी कुत्री घेऊन चढतात. दीड मैलाचा चढ, वर लाकडी सज्जा, समोर अख्खं गाव आणि पलीकडे स्कीचे उतार. बुटांना खिळ्यांच्या पट्ट्या बांधलेल्या आज्या, कामावर जायच्या आधी आलेले सुतार, वेटर, आणि प्रत्येकाबरोबर एक तरी कुत्रा. कोणाला कोणाची घाई नाही. मला त्या गावात श्रीमंती दिसली ती इथे.

खंड्या पहिल्या वळणापर्यंत पाय झटकत चालला. नंतर ऊन आलं आणि त्याला काय झालं कोण जाणे. बर्फात नाक खुपसायचं, ढुशी मारायची, शिंकायचं, परत खुपसायचं. सात वर्षं मी त्याला डेन्व्हरच्या बर्फात नुसतं आटपून घरी पळताना पाहिलंय. इथे तो पिल्लासारखा वागत होता. तिथल्या एका काकांनी सांगितलं की गावात सपाटीवरच्या स्कीचे कुत्र्यांना चालणारे मार्गही आहेत, एकाचं नाव लॅब्रडॉर लेन आणि दुसऱ्याचं बर्नीज बुलेवार्ड. गावठीच्या नावाचा अजून नाही, तो मी मनातल्या मनात ठेवून दिला.

पण वरच्या सज्जापर्यंत आम्ही गेलो नाही. अर्ध्याच्या थोडं पुढे त्याने पुढचा उजवा पाय उचलून धरला, मग डावा. तो पाय उचलायला लागला की मागे फिरायचं, हेही ठरलेलं होतं. सज्जा दोन वळणांवर होता. लेक रडवेली झाली. फिरलो.

पायांचं तर फार सांभाळावं लागतं. रस्त्यावर बर्फ वितळवायला क्षार टाकतात, कोलोरॅडोत मॅग्नेशियम क्लोराईडही वापरतात. ते तळव्यांना झोंबतं, चाटलं तर पोट बिघडतं. बाहेर पडताना मेण चोळा किंवा बूट घाला, आणि आत आल्यावर कोमट पाण्याने पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांतले बर्फाचे गोळे काढा. पार्किंगमध्ये गाडीचं हिरवं-गुलाबी कूलंट सांडलेलं दिसलं तर कुत्र्याला उचलूनच पुढे जा. ते गोड लागतं आणि थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी करतं. पट्टा सोडू नका. मूस (सांबरासारखा, पण प्रचंड मोठा प्राणी) कुत्र्याला लांडगा समजून अंगावर येतो, आणि हिवाळ्यात अर्धपोटी असलेल्या हरणांना पळवणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे.

अजून एक गोष्ट, जी आपल्या लोकांमध्ये कोणी बोलत नाही. कोलोरॅडोत २०१४ पासून गांजा दुकानात मिळतो. गांजा घातलेली चॉकलेटं, गोळ्या पर्यटक कुठेही टाकतात, आणि कुत्री ती शोधून खातात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खंड्या खोलीत उभ्या उभ्या डोलायला लागला, हात पुढे केला की दचकायचा, नकळत लघवी गळत होती. मला वाटलं हा जातो आता. डॉक्टर बाईंनी डोळे बघून पहिलाच प्रश्न विचारला, "घरात कोणाकडे गांजा आहे का? खरं सांगा, आम्ही पोलिसांना कळवत नाही." आमच्याकडे नव्हता. वाटेवरच काहीतरी उचललं असणार. सलाईन लावली, उबेत ठेवलं, रात्रभर लक्ष ठेवलं. सकाळी उठून त्याने माझा हात चाटला तेव्हा मी तिथेच दवाखान्यात रडले. ही लक्षणं दिसली तर लाजू नका, थांबू नका, सरळ डॉक्टरांकडे न्या.

आता खर्चाचं. दोन नातेवाइकांनी लिहिलंय की कुत्र्यावर एवढे पैसे उधळण्यापेक्षा दान करायचे. ते रागावून लिहिलंय असं मला वाटत नाही, म्हणून सरळ उत्तर देते. जेजुरीजवळ भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीसाठी आम्ही दर वर्षी पैसे पाठवतो, खंड्या आल्यापासून. हॉटेलचा खर्च आमच्या हौसेचा होता, त्याच्या नावावर मी तो टाकत नाही. त्याला खोलीच्या भाड्यातलं काही कळत नाही. त्याला कळतं की दार बंद करून आपण गेलो की नाही.

हॉटेलचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अ‍ॅस्पेनमध्ये कुत्र्यांना घेणारी चांगली हॉटेलं बरीच आहेत, १८८९ चं हॉटेल जेरोमसुद्धा. तुम्ही जिथे बुकिंग कराल तिथे फोन करून विचारा, कुत्र्याला खोलीत एकटं ठेवलेलं चालतं का. "हो, बिनधास्त ठेवा" म्हणाले तर मला जरा काळजीच वाटेल. तळमजल्यावरची खोली मागा, लिफ्टपासून लांबची. रात्री उघडा असणारा जनावरांचा दवाखाना किती अंतरावर आहे तेही विचारून ठेवा. कुत्र्याची घरची मळकी चादर न धुता बरोबर न्या.

पुढच्या वेळी आम्ही मार्चच्या अखेरीस जाणार आहोत, तेव्हा ऊन जास्त असतं. स्कीचं सामान घ्यायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. लेकीचं म्हणणं आहे की आधी तो सज्जा.